तात्या हलले तो शॉट

सिद्धोधनच्या सिनेमात कुणी मेलं, की सिद्धोधन त्या मेलेल्या माणसाचा घोटा धरून बसतो. कॅमेऱ्याला दिसणार नाही असा खाली उकिडवा बसतो आणि शॉट संपेपर्यंत घोटा सोडत नाही. नट नवा असला की बिचकतो. मग सिद्धोधन त्याला समजावतो, "छातीत दुखलं, हातात कळ आली, जीव घाबरा झाला, काई बी झालं तर पाय वढायचा. मी लगेच कट म्हनतो. शॉटचं बगायचं न्हाई." लोक हसतात. पाथरीच्या एका हौशी नटानं त्याला विचारलं, "साहेब, ही हॉलीवूडची पद्धत हाय का?" सिद्धोधन म्हणाला, "न्हाई, पेडगावची."

मी मात्र हसत नाही. ज्या शॉटमुळे ही पद्धत पडली, तो शॉट मी घेतलेला आहे. त्याची आठवण निघाली की मला अजून भीती वाटते. भित्र्या माणसानं भितो म्हणून सरळ सांगावं, उगाच छाती काढून चालू नये.

माझं नाव राम. मानवतला बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, यावर माझं चालतं. सिद्धोधन पेडगावचा. तिथल्या बौद्धवाड्यात त्याचं घर, घरात तो आणि बायको बबिता. नोकरी मानवतच्या एका जिनिंगमध्ये, वजनकाट्यावर. कापसाची गाडी काट्यावर घ्यायची, वजन टिपायचं, पावती फाडायची. हे काम दिवाळीपासून ऊन तापेपर्यंत. बाकीचे महिने मोकळे, आणि त्या मोकळ्या महिन्यांत त्यानं सिनेमाचं खूळ पोसलं.

हॉलीवूड हे नाव त्याला जिनिंगमधल्या हमालांनी ठेवलं. गाड्या नसल्या की तो काट्याच्या खोलीत बसून मोबाईलवर इंग्रजी सिनेमे लिहिणाऱ्यांच्या मुलाखती बघायचा. इंग्रजी बेताचंच. खाली हिंदी अक्षरं यायची ती वाचायचा, थांबवायचा, पुन्हा वाचायचा. त्यातला कुणी एक म्हातारा सांगत होता, की मी वीस वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिलं, त्यांनी माझ्या लिखाणाचं मातेरं केलं, म्हणून शेवटी मी स्वतःच दिग्दर्शक झालो. ते ऐकून सिद्धोधन धावत माझ्या स्टुडिओत आला. "राम, तिकडं बी आसंच हाय रे!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कारण त्याचंही तेच झालेलं. परभणीच्या एका यूट्यूबवाल्याला त्यानं दोन वर्षं विनोदी भाग लिहून दिले. त्या माणसानं प्रत्येक भागात लाटणं घेऊन धावणारी सून घुसडली आणि लेखकाच्या नावाच्या जागी स्वतःच्या मेव्हण्याचं नाव टाकलं.

मग आम्ही दोघांनी सुरू केलं. लिहिणार तो, सांगणार तो, कॅमेरा माझा. खराब झालेल्या काटापावत्यांच्या पाठीवर तो लिहायचा. एक प्रसंग एका पावतीवर मावलाच पाहिजे, हा त्याचा नियम. नाही मावला तर "गाडी ओव्हरलोड झाली" म्हणायचा आणि दोन ओळी छाटायचा. मुलगी बघायला गेलेला आणि दिवसभर त्यांच्या म्हशीविषयीच बोलत बसलेला एक सोयरा त्यानं लिहिला, तो चार मिनिटांचा तुकडा लाखो लोकांनी बघितला. सोनपेठपासून जिंतूरपर्यंत लोक त्याला ओळखायला लागले.

दिग्दर्शक म्हणून मात्र तो कडक होता. एरवी गाय, पण कॅमेरा सुरू झाला की वाघ. कट म्हणेपर्यंत जग बुडालं तरी जागचं हलायचं नाही, ही त्याची ताकीद. एकदा शॉटमध्ये एका नटाच्या मानेवर गांधीलमाशी बसली आणि चावली, तरी तो बिचारा कट होईपर्यंत गप्प उभा राहिला. मान भोपळ्यागत सुजली. ही गोष्ट सिद्धोधन प्रत्येक नव्या माणसाला कौतुकानं सांगायचा. मीही हसत मान डोलवायचो.

दोन वर्षांमागे त्यानं पहिला मोठा सिनेमा लिहिला. पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवायचा होता, मे महिन्याची तीस तारीख शेवटची. गोष्ट साधी होती. एका म्हातारीचा नवरा मरतो. बायका तिचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला येतात, आणि ती त्यांचा हात धरते. पुसू देत नाही. एवढंच.

एवढंच, पण ही म्हातारी कोण होणार? परभणीच्या नाटकातल्या दोन बायकांना विचारलं. एकीनं पावती वाचून परत दिली. दुसरी म्हणाली, खून करायचा असला तर सांगा, पण सवाष्णीनं असलं खेळू नये. आता कुंकू पुसायचं नाही म्हणून गावोगाव ठराव झालेत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलंय, पण भिंतीवरचं वेगळं आणि कपाळावरचं वेगळं.

शेवटी कमलबाई तयार झाल्या. पेडगावच्याच. त्यांचे यजमान मुंजाजी तात्या, सहा एकरांचे शेतकरी, आमच्या टोळीतले सगळ्यात हौशी नट. तात्यांना संवाद पाठ व्हायचे नाहीत, म्हणून सिद्धोधन त्यांना मुकी कामं द्यायचा. बैल घेऊन जा, पारावर बसा, पाणी प्या. तात्या तेवढ्यासाठी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून यायचे. मढ्याचं काम आहे म्हटल्यावर खूश झाले. "हे मला जमल. बोलायचं न्हाई काई." कमलबाई म्हणाल्या, "खोटंखोटंच हाय की. आन् मढं माझंच आसलं तर मला भ्याव कशाचं?"

पण त्यांनी एक अट घातली. मेलेल्या माणसाच्या पायांचे अंगठे एकत्र बांधतात, ते बांधायचे नाहीत. "अंगठे बांधले की मंग ते खरं हुतं बाबा." सिद्धोधन असलं काही मानत नाही. पण म्हाताऱ्या बाईचं मन मोडू नये म्हणून त्यानं पाय चौकटीतून काढून टाकले. कुंकू पुसायला येणाऱ्या जावेचं काम गावातली एकही बाई करेना, म्हणून बबिता उभी राहिली. मला तेव्हाच धास्ती वाटली होती. तात्यांचे थोरले भाऊ आबासाहेब जुन्या वळणाचे, तोंडाचे तिखट, आणि गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांना कळलं तर काय म्हणतील? सिद्धोधन म्हणाला, "कळू दे की. वाईट काय करायलोत आपन?" आबासाहेब राणीसावरगावला लग्नाला गेलेत एवढं बघून आम्ही शूटिंग ठेवलं. वाईट करत नव्हतो, तर मग तेवढं का बघितलं, हे माझं मला ठाऊक.

बारा मे. सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि ऊन आत्ताच तोंडाला चटके देत होतं. तात्यांच्या अंगणात तिरडी मांडली, तिच्यावर तात्या आडवे झाले. नाकात कापूस, तोंडात तुळशीचं पान, अंगावर पांढरं कापड. पहिल्या टेकला कमलबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, तात्यांनी एक डोळा उघडला आणि दोघंही फसकन हसले. दुसऱ्या टेकला तेच. लग्नाला चाळीस वर्षं झालेली माणसं, पोरांसारखी हसत होती. सगळं अंगण हसत होतं. सिद्धोधन तापला. आधी तात्यांना म्हणाला, "तात्या, मेलेला मानूस डोळे उघडत न्हाई, हलत न्हाई. तुमी हलला की सगळ्यायची मेहनत पान्यात." मग कमलबाईंना म्हणाला, "काकू, तात्याकडं बगायचंच न्हाई. कायबी झालं तरी तिकडं बगायचं न्हाई. बबिताकडं बगायचं."

तिसरा टेक सुरू झाला. बबिता पुढे आली, तिनं कमलबाईंचं मनगट धरलं. कमलबाईंनी हिसका दिला आणि दोन बांगड्या खरंच फुटल्या. बबिताचा दुसरा हात सावरायच्या नादात कपाळाला लागला आणि कुंकू भुवईपर्यंत फरफटलं. बबिताचा चेहरा पांढरा पडला. तिनं सिद्धोधनकडे बघितलं. सिद्धोधननं बोट हवेत फिरवलं, चालू ठेव. आणि कमलबाई ज्या उसळल्या! "हात लावू नगंस! माझं कुंकू हाय, माझ्या मनानं लावलंय, माझ्या मनानं काडीन!" हे पावतीवर नव्हतं.

आणि तेव्हाच मला कॅमेऱ्यात दिसलं, की तात्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिलेत. मग त्यांचा उजवा हात कापडाखालून सरकत सरकत छातीवर आला, डाव्या बाजूला, आणि तिथंच मूठ वळून राहिला. मी मनात म्हणालो, हलला म्हातारा, एवढा चांगला टेक घालवला. सिद्धोधननंही बघितलं. त्याचा ओठ दाताखाली गेला. पण त्यानं कट म्हटलं नाही, कारण कमलबाई थांबत नव्हत्या. पुढची साडेतीन मिनिटं तो हात तिथंच होता.

कट झाल्यावर टाळ्या पडल्या. तात्या सावकाश उठले. कुणीतरी ओरडलं, "आरं, मेल्याला घाम आला की!" अंगणभर हशा झाला. मीही हसलो. तात्याही हसले, पाणी प्याले, लिंबाखाली बसले, उन्हानं गरगरलं म्हणाले. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात घाम कुणाला येत नाही? सिद्धोधन त्यांना एवढंच म्हणाला, "तात्या, हात हलला बगा तुमचा. आसू द्या. मी चौकट बारीक करून घेतो, हात दिसनार न्हाई." तात्यांचं तोंड एवढंसं झालं. आपल्यामुळे काम बिघडलं, हे त्यांना फार लागलं होतं.

आठव्या दिवशी, वीस तारखेला, सिद्धोधन आणि मी स्टुडिओत तेच काम करत बसलो होतो. चौकट बारीक करून तात्यांचा हात बाहेर काढायचं काम. सकाळचे अकरा वाजले असतील. बबिताचा फोन आला. तिचा आवाज इतका बारीक होता की सिद्धोधननं फोन स्पीकरवर टाकला.

"तात्या छाती धरून पडले. बांधावर. परभनीला नेलंय दवाखान्यात. आवो, बाया म्हनायल्यात बबितानं कुंकू पुसलं आन् आठव्या दिशी पडला. दारासमोर घोळका हाय. मी कडी लावून बसले."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं आपण दुसऱ्याच्या बाबतीत सहज म्हणतो. कावळा आपण असलो की म्हणता येत नाही. सिद्धोधननं शेजारच्या घरी फोन करून बबिताला सोबत पाठवली, तोवर दुसरा फोन वाजला. आबासाहेब.

"सिद्ध्या, त्वा जे काडलंयस ते घिऊन दवाखान्यात ये. समद्यांसमोर पुसायचं. एक बी कुठं ठिवायचं न्हाई. माझा भाऊ गेला तर मंग बगू."

मंग काय बघणार, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. न सांगितलेल्या धमकीला माणूस स्वतःच हातपाय जोडत बसतो. मला बबिताच्या दाराची कडी दिसत होती. पत्र्याचं दार, एवढीशी कडी. गावातला हा राग कुंकवावर थांबणार नाही, तो वस्तीच्या रस्त्यानं जाईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

सिद्धोधन मात्र फोन ठेवून लॅपटॉपकडे वळला. चौकट पुन्हा मोठी केली. टेक पहिल्यापासून लावला. आवाज बंद ठेवला.

"राम, हात कुठं गेला हुता रे त्यांचा?"

त्याला काय विचारायचंय ते मला कळलं. पडद्यावर मूठ छातीच्या डाव्या अंगाला आवळलेली होती. नीट बघितलं तर कापडाखाली डावा खांदा आखडत होता. जबडा घट्ट होता. घाम फक्त त्यांनाच होता, शेजारी उन्हात उभ्या असलेल्या बबिताच्या कपाळाला नव्हता. मोठं करून बघितलं तेव्हा सगळं दिसलं. आठ दिवस आम्ही ते बारीक करायला बसलो होतो.

"त्यांना तवाच आला हुता," सिद्धोधन म्हणाला. "माझ्या म्होरं आला हुता. आन् मी त्यांना सांगितलं हुतं, हलायचं न्हाई."

आता माझं ऐका. मी त्या वेळी काय म्हणालो ते मला लपवायचं नाही. मी म्हणालो, "पुसून टाकू. तेच तर मागायलेत. त्यायला वाटतं अपशकुन झाला. वाटू दे. आपन पुसलं की संपलं. हे कुनालाच कळनार न्हाई." आणि मला खरोखर हलकं वाटलं. गाव जे मागत होतं, तेच आमच्या सोयीचं होतं. असा योग जन्मात एकदा येतो.

सिद्धोधननं टेक थांबवला. लॅपटॉप पिशवीत घातला, कार्ड खिशात घातलं. मी मोटारसायकल काढली. परभणीपर्यंतच्या रस्त्यात तो मागे पिशवी छातीशी आवळून बसला होता. मे महिन्यातलं दुपारचं ऊन होतं. पेडगावचा फाटा आला तसा मी वेग वाढवला आणि मान वळवली नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पेडगावची पंधरा-वीस माणसं उभी होती. आम्ही जिना चढलो तसं बोलणं थांबलं. कमलबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. हातात नव्या हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कुणीतरी घाईनं लावलेलं. आबासाहेब बाकावरून उठले.

"आनलं का?"

"आनलंय."

"पूस."

सिद्धोधननं बाकावर लॅपटॉप उघडला. सगळी माणसं भोवती झाली, मला श्वास घ्यायला जागा उरली नाही. त्यानं त्या सिनेमाच्या सगळ्या फाईली निवडल्या. पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं. एक बटण दाबायचं होतं. त्याचं बोट त्या बटणावर होतं, तेवढ्यात आतून डॉक्टर आले.

"मुंजाजींच्या घरचं कोण? मला एक नक्की सांगा. यांना याआधी कधी छातीत दुखलं होतं का? गेल्या आठ-पंधरा दिवसांत? पेशंट ग्लानीत आहे, त्याला विचारून उपयोग नाही. ईसीजीच्या पट्टीवर जुनं काहीतरी दिसतंय, पण मला खात्री हवी. दुखणं आजचंच असेल तर मी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतो. झटका आधीच येऊन गेला असेल, तर हृदय कच्चं झालेलं असतं आणि तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं."

"न्हाई डॉक्टरसाहेब," आबासाहेब म्हणाले. "माझा भाऊ बैलासारखा हाय. कवा डोकं बी दुखलं न्हाई त्याचं."

"बाई, तुम्हाला काही बोलले होते?"

कमलबाईंनी मान हलवली. नाही.

"ठीक आहे," म्हणून डॉक्टर वळले.

मी सिद्धोधनकडे बघून डोळ्यांनी खूण केली. दाब. मी ही खूण केली, आणि ती कुणी बघितली नाही, म्हणून मी आज ताठ मानेनं मानवतमध्ये फिरतो. सिद्धोधनचं बोट बटणावरून उचललं गेलं. डॉक्टर दाराशी पोचले, तेवढ्यात तो बोलला.

"डॉक्टरसाहेब. आला हुता. आठ दिवसांमागं. माझ्याकडं हाय."

"काय आहे तुमच्याकडे?"

"झटका."

त्यानं टेक लावला. त्या व्हरांड्यात, तात्यांच्या भावकीसमोर, बांगड्या फुटल्या, कुंकू फरफटलं, कमलबाईंचा ओरडा घुमला. माणसांतून एक हुंकार उठला. कुणाचा तरी हात सिद्धोधनच्या मानेजवळ गेला. डॉक्टरांनी तो हात बाजूला केला आणि खाली वाकले.

"थांबवा. मागे घ्या. मोठं करा." त्यांनी तात्यांची मूठ बघितली, खांदा बघितला. "तारीख?"

"बारा मे. नऊ चाळीस."

"किती वेळ होता हात असा?"

"साडेतीन मिनिटं. त्याच्या म्होरं मी कट म्हनलो."

डॉक्टर जवळजवळ पळतच आत गेले. दार बंद झालं. आतून "ते इंजेक्शन नको, ठेव ते" एवढं ऐकू आलं.

आबासाहेबांनी सिद्धोधनची कॉलर धरली. धरली तरी मारलं नाही, कारण त्यांना आधी समजून घ्यायचं होतं.

"तुला दिसलं हुतं?"

"दिसलं हुतं."

"मंग?"

"मला वाटलं, शॉट बिघडला."

मला वाटलं, आता हे लोक याला इथंच तुडवतील, मग मला. मी जिन्याकडे किती पावलं आहेत ते मोजत होतो. तेवढ्यात कमलबाई भिंतीला धरून उठल्या. लॅपटॉपजवळ आल्या. पडद्यावर तात्या थांबलेले होते, मूठ छातीवर.

"मी हातभर अंतरावर हुते," त्या म्हणाल्या. ओरडून नाही, शेजारणीला सांगावं तशा. "चाळीस वरसं झाली. जेवताना ह्यांचा घास अडकला तर मी चुलीकडं तोंड करून बसलेली आसले तरी मला कळतं. तू म्हनलास, काकू, तिकडं बगायचं न्हाई. मी बगितलं न्हाई."

आबासाहेबांचा हात कॉलरवरून खाली आला. सिद्धोधन तिथंच बाकाशी खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. मी त्याला इतक्या वर्षांत असं रडताना पहिल्यांदा बघितलं.

पुढचे सहा दिवस कसे गेले ते विचारू नका. सिद्धोधन दवाखान्याच्या जिन्यात बसून असायचा. कुणी हाकललं की खालच्या पायरीवर, कुणी नसलं की वरच्या. आबासाहेब त्याच्या अंगावरून जायचे आणि बघायचे नाहीत. बबिता रोज पेडगावातून डबा घेऊन यायची. मी म्हणालो, वहिनी, चार दिवस माहेरी जाऊन राहा. ती म्हणाली, "मी गेले तर बबितानंच केलं म्हनून पळाली म्हनतील. मला भ्याव वाटायलंय, पर मी जानार न्हाई." माझ्या स्टुडिओचं शटर मी सहा दिवस अर्धंच उघडलं. फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. दुसऱ्याच्या छातीचं सांगताना हा शब्द वापरावासा वाटत नाही, पण दुसरा शब्द नाही.

तीस तारीख आली आणि गेली. सिनेमा पुण्याला गेला नाही. तो पुसलाही नाही. सिद्धोधननं ते कार्ड कमलबाईंच्या हातात दिलं आणि तुमी काय करायचं ते करा म्हणाला. कमलबाईंनी ते कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. अजून तिथंच आहे. त्यानंतर सिद्धोधननं पाच सिनेमे केले, त्यातला एक पुण्यात दाखवला गेला, टाळ्याही पडल्या. पण त्या टेकसारखा टेक आम्हाला पुन्हा मिळालेला नाही आणि मिळू नये.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, दवाखान्यातल्या सातव्या दिवशी दुपारी नर्स जिन्यात आली. "सिद्धोधन कोण? आजोबा बोलावतायत." मी त्याला दंडाला धरून आत नेलं. वाटेत तो मला म्हणाला, "राम, ते शिव्या देतील का रे? दिल्या तर बरं हुईल."

तात्या खाटेवर पडले होते. अर्धे झाले होते. नाकात कापसाऐवजी नळी. आबासाहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते, कमलबाई उशाशी होत्या आणि एकटक नवऱ्याकडेच बघत होत्या. तात्यांनी सिद्धोधनला बघितलं आणि उठायला गेले. कमलबाईंनी त्यांना दाबून धरलं.

"डायरेक्टर," तात्या म्हणाले. आवाज फार खोल गेला होता. "माफी करा बगा. लय आवरलं मी. पर कळ आशी आली की हात हललाच. तुमचा शॉट खराब झाला."

खिडकीशी आबासाहेबांनी उपरण्यात तोंड घातलं. सिद्धोधन खाटेच्या पायथ्याशी गेला, चादरीखालून तात्यांचा घोटा शोधला आणि धरला.

"तात्या," तो कसाबसा म्हणाला, "हला. तुमी हला."

भेटीची वेळ संपली म्हणून नर्स दोनदा सांगून गेली, तरी त्यानं तो घोटा सोडला नाही.